बापूंची फेअर कॉपी

"विषय काय टाकू?" बापूंनी विचारलं.

मी अंगणात मटार सोलत होते. दुर्वा शेजारी चटईवर उताणी पडून स्वतःच्या मुठीकडे बघत होती. फेब्रुवारीचं ऊन भिंतीपर्यंत आलं होतं, आमच्यापर्यंत अजून यायचं होतं.

"विषय कशाला, बापू? त्या काही ऑफिसर नाहीत."

"डॉक्टरीण असो का जनरल मॅनेजर, वाचणाऱ्याला आधी समजलं पाहिजे, कागद काहून आला. बिनविषयाचा कागद कोणी हातात घेत नाही. टेबलावर पडून राहते."

"तिला आधी मटार सोलू द्या," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या विषयानं भाजी नाही होऊन राहिली."

बापू हसले नाहीत. ते कामात असले की हसत नाहीत. इकडच्या हिंदी मुलखात, रांझीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले माझे सासरे. या घरातून बाहेर जाणारा कुठलाही कागद त्यांच्या हातून गेल्याशिवाय जात नाही. माझ्या नवऱ्याचे, आल्हादचे, शाळेतले रजेचे अर्ज, गॅस एजन्सीला तक्रार, आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. गल्लीतले लोकही येतात. "बाबूजी, एक एप्लीकेशन बना दीजिए." बापू पट्टीनं समास आखतात, हाताखाली दुसरा कोरा कागद घेतात, म्हणजे घाम लागत नाही, आणि लिहितात. छापल्यासारखं.

त्यामुळे काउन्सेलरकडून निरोप आला तेव्हा हे होणारच होतं. बुधवारी अकरा वाजता माझी पहिली भेट होती. तिथल्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं, "पहली बार में लोग बोल नहीं पाते, दीदी. घर से लिखकर लाइए, जो-जो परेशानी है. हिंदी में लिखिएगा, मैडम मराठी नहीं पढ़ पातीं." फोन स्पीकरवर होता, कारण माझ्या कडेवर दुर्वा होती. बापूंनी ऐकलं.

"तू मराठीत लिहून दे," ते म्हणाले. "मी फेअर करतो. तुझी हिंदी म्हणजे अमरावतीची."

मी एम.एस्सी. आहे. केमिस्ट्री. हिंदीत चार ओळी मला लिहिता आल्या असत्या. हे मी त्यांना म्हणाले नाही, आणि का म्हणाले नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं.

दुर्वा पाच महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात तिला लस द्यायला नेलं, तेव्हा नर्सनं तिला वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं आणि मला ठेवता येईना. म्हणजे हातातून सोडताच येईना. नर्स म्हणाली, "छोड़िए, मैं पकड़े हूँ." मी तिथंच उभ्या-उभ्या रडायला लागले. मागं रांग होती. लेडी डॉक्टरनं मला बाजूला बसवलं, पाणी दिलं, आणि एका कागदावर काउन्सेलर सत्यवती मॅडमचा नंबर लिहून आल्हादच्या हातात ठेवला. आल्हादनं तो आठ दिवस पाकिटात ठेवला. मग एक दिवस ड्यूटीवर जाताना, मोटरसायकल चालू करून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "घेऊन टाकू का अपॉइंटमेंट?" मी हो म्हणाले.

मटार झाल्यावर मी आत गेले आणि वहीचं पान फाडलं. रफ मी आधीच लिहून ठेवलं होतं. झोप येत नाही. येते तेव्हा दुर्वा रडल्याचा भास होऊन जाग येते, आणि ती रडत नसते. कुकरची शिट्टी वाजली की छातीत धडधडतं. जेवताना घास फिरतो. माहेरचा फोन उचलावासा वाटत नाही. अशा सहा-सात ओळी. आणि शेवटी, थोडी जागा सोडून, एक ओळ.

दुर्वाला आंघोळ घालताना वाटतं, हात सुटेल, की मीच सोडीन, ते मला कळत नाही.

एवढीच. महिनाभर मी ती मनात म्हणत होते. टबात पाणी घेताना, कोपरानं ते बघताना, तिच्या मानेखाली डावा हात घालताना. हात कधी सुटला नाही. मी तो इतका घट्ट धरायची की तिच्या काखेत माझ्या बोटांचे वळ उमटायचे, आणि नंतर ते वळ बघून मला वाटायचं, हे बघ, हेही तूच केलंस. आल्हादला सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा गॅस संपत आल्याचं बोलून ते बंद केलं.

बापूंना कागद द्यायच्या आधी ती ओळ फाडून टाकता आली असती. पानाच्या तळाशीच होती. मी फाडली नाही. मला वाटलं, घरात एकाला तरी कळू दे. समोर उभं राहायला नको, तोंडानं बोलायला नको, कागद जाईल आणि सांगेल. आणि बापूंपेक्षा नीट कागद वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"घ्या," मी म्हणाले.

ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ते प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून वाचतात. पट्टी एकेक ओळ खाली उतरत गेली, मोकळ्या जागेपाशी थांबली, मग शेवटच्या ओळीखाली गेली आणि तिथंच राहिली. बापूंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुन्हा घातला. पट्टी हलली नाही.

मग त्यांनी हाक मारली, "सुमित्रा, जरा इकडे."

सासूबाई आत गेल्या. दार लोटलं गेलं. मी मटार धुतले, पुन्हा धुतले. पाच-सात मिनिटांनी त्या बाहेर आल्या त्या सरळ अंगणात गेल्या आणि त्यांनी चटईवरून दुर्वाला उचललं.

"ऊन लागून राहिलं तिला," त्या म्हणाल्या.

ऊन अजून तिच्यापासून दोन हात लांब होतं.

मंगळवारी सकाळी मी टब घ्यायला गेले तर तो जागेवर नव्हता. धुऊन, उपडा करून, मोरीतल्या वरच्या खुंटीला अडकवलेला होता. माझा हात पोचत नाही तिथं. मोरीत सासूबाई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नडग्यांवर दुर्वा पालथी, बाजूला गरम पाण्याची बादली.

"आजपासून मी घालते हिची आंघोळ," त्या म्हणाल्या. "तुला तेवढाच आराम. तुम्हा पोरींचे ते टब-फब, मला तर भीती वाटते. आल्हादला मी अशीच घातली. पायावर."

"मी पाणी घालू का वरून?"

"नको. तू चहा पी. चलो, चलो, पाणी थंड होऊन राहिलं."

मी दारात उभी राहिले. त्यांचे हात सराईत होते. दुर्वा जरा कुरकुरली आणि मग गप्प झाली, जशी ती माझ्या हातात कधी होत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं नाही. छातीवरचा एक दगड कोणी उचलला असं वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं की तो दगड उचलताना त्याच्याबरोबर काय उचललं गेलं.

"तू उभी काहून आहेस?" सासूबाई मागं न बघता म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता. तेच जास्त लागलं.

दुपारी बापूंनी फेअर कॉपी वाचून दाखवली. पायरीवर मला बसवलं, स्वतः खुर्चीवर.

"सेवा में, श्रीमती सत्यवती जी, परामर्शदात्री. विषय, प्रसवोपरांत सामान्य दुर्बलता के संबंध में मार्गदर्शन हेतु. महोदया, सविनय निवेदन है कि प्रार्थिनी को विगत चार माह से पर्याप्त निद्रा नहीं आ रही है..."

प्रार्थिनी म्हणजे मी. प्रार्थिनीला भूक कमी लागत होती. प्रार्थिनीला मोठ्या आवाजाने अस्वस्थता होत होती. अक्षर फार सुंदर होतं. शेवटी 'अतः अनुरोध है' आणि 'भवदीया', आणि माझ्या सहीसाठी जागा.

"कसं?" बापूंनी विचारलं.

"चांगलं झालं."

"सही कर मग."

"बापू, एक ओळ राहिली."

त्यांनी गल्लीकडे बघितलं. भाजीवाला गाडा घेऊन जात होता. तो लांब जाईपर्यंत ते थांबले.

"राहिली नाही," ते म्हणाले. "सोडली."

मी त्यांनी दिलेलं पेन पायरीवर ठेवलं.

"आमच्या इथं एक नथ्थू होता. फिलिंग सेक्शनला, गोळ्यांत स्फोटकं भरतात तिथं. सोन्यासारखा माणूस, बेटा, कधी लेट नाही, कधी पिऊन आला नाही. त्यानं एकदा रजेचा अर्ज दिला. बाकीचे लिहितात, पेट में दर्द, गाँव में शादी. यानं खरं लिहिलं. लिहिलं की जी घबराता है, मशीन के पास खड़े होने में डर लगता है कि मुझसे कुछ हो जाएगा. झालं. मशीनवरून काढलं. गेटवर बसवलं, रजिस्टर उचलायला. एकोणीस वर्षं. तो पुढे ठीक पण झाला. पण दरवर्षी कोणी फाइल उघडे, पहिला तोच कागद. पोरीच्या लग्नाची बोलणी चालली, तर तिकडचे लोक फॅक्टरीत विचारून गेले. कोणीतरी सांगितलं."

"त्यात तुमचा काय दोष?"

"अर्ज माझ्याच टेबलावरून गेला न. मीच वर पाठवला. मला वाटलं, खरं लिहिलंय, साहेब मदत करतील." त्यांनी कागदाची कड बोटानं सरळ केली. "लिहिलेलं जात नाही, अवंती. मी आयुष्यभर हेच पाहिलं. ती डॉक्टरीण चांगली असेल. पण कागद तिथं राहील. उद्या दुर्वा मोठी होईल, कोणाच्या हाती लागेल, काय माहीत. तुला सांगायचं तर तोंडानं सांग. बोललेलं हवेत जाते."

"तोंडानं येत नाही म्हणून तर लिहिलं होतं, बापू."

बापूंनी पायरीवरचं पेन उचलून पुन्हा माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही आईंना सांगितलंत."

"सांगितलं."

"आल्हादला?"

"नाही. त्याला नको. तो घाबरट आहे." मग हळू आवाजात, "आम्ही आहोत न. तू काही करशील असं नाही. पण आम्ही आहोत."

"मी काही करीन असं मी लिहिलं नव्हतं."

"मी वाचलं काय लिहिलं ते," बापू म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले आहेत हे मला दिसलं, म्हणून मी खाली बघितलं.

"माझा तो कागद द्या."

"तो नाही आता."

मी सही केली. त्यांनी कागद परत घेतला, आत नेला, आणि घडी करून पाकिटात घालून आणला. पाकिटावर मॅडमचं नाव होतं, खाली दुहेरी रेघ.

संध्याकाळी आल्हाद ड्यूटीवरून आला. हात-पाय धुऊन दुर्वाला घ्यायला गेला. ती आजीच्या खोलीत होती.

"आज अवंतीकडे नाही का ही?"

"राहू दे माझ्याजवळ," सासूबाई म्हणाल्या. "उद्या अवंतीला जायचं आहे. डोकं शांत पाहिजे."

"हां, ते बरोबर," आल्हाद म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "उद्या मी येऊ? हाफ डे टाकतो."

"नको. आई येतायत."

"लिहून झालं सगळं?"

"बापूंनी फेअर केलं."

"मग टेन्शनच नाही," तो म्हणाला. त्याला हे मनापासून वाटलं. त्याच्या आयुष्यातले सगळे अर्ज मंजूर झाले होते.

बुधवारी सकाळी सासूबाईंनी माझी पांढरी कुर्ती परत कपाटात ठेवली आणि मोरपंखी साडी काढली.

"ही नेस. आणि टिकली जरा मोठी लाव. डॉक्टरकडे रडका चेहरा घेऊन जायचं नसते."

"आई, मी रडते म्हणूनच चाललेय."

"म्हणून काय दाखवत फिरायचं?" त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. पिन लावताना त्यांचा हात जरा माझ्या मानेवर रेंगाळला. "तू वाईट नाहीस. मला माहीत आहे. मला पण आल्हादच्या वेळी कसं-कसं वाटे. कोण विचारते."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "काय वाटायचं?"

"आता कुठे आठवते," त्या म्हणाल्या आणि पिनांची डबी बंद करून निघून गेल्या.

फाटकाशी शेजारच्या भाभी उभ्या होत्या. "कहाँ चली सवारी, इतना सज-धज के?"

"बच्ची को टीका लगवाने," सासूबाई म्हणाल्या.

"अभी पिछले महीने तो लगा था."

"दूसरा वाला है. आजकल बीस तरह के आते हैं."

ऑटोत दुर्वा त्यांच्याच मांडीवर होती. घमापुरच्या गर्दीत ऑटो अडकला, समोर हातगाड्या, कडेला पडलेल्या गोण्या, कोणी मागं सरायला तयार नाही. दुर्वा रडायला लागली. मी हात पुढे केले. सासूबाईंनी तिला आधी खांद्यावर घेऊन बघितलं, मग पाठ थोपटली, मग किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला. भुकेनंच रडत होती, तेव्हा द्यावीच लागली. मी पदराखाली घेतलं. ती पीत होती तेवढा सगळा वेळ सासूबाईंचा एक हात तिच्या पायांवर होता. पोट भरल्यावर त्यांनी तिला परत घेतलं.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं, खाली चष्म्यांचं दुकान. वर प्लास्टिकच्या सहा खुर्च्या आणि एक कुंडी. टेबलामागची मुलगी म्हणाली, "पाँच मिनट, दीदी." मी पाकीट उघडलं. मला वाटलं होतं, सहीच्या खाली पाव पान मोकळं आहे. तिथं मी ती ओळ लिहीन. हिंदीत, माझ्या अमरावतीच्या हिंदीत. ते मी पायरीवर सही करतानाच ठरवलं होतं, म्हणून तर वाद घातला नाही. पर्समध्ये पेन आणलं होतं.

जागा मोकळी नव्हती. सहीच्या खालून पानाच्या टोकापर्यंत एक तिरपी रेघ ओढलेली होती, पट्टीनं, आणि तिच्या दोन्ही टोकांना बापूंची आद्याक्षरं. ऑफिसातली जुनी पद्धत. सही झाल्यावर उरलेली जागा बाबूलोक अशी मारून टाकतात, म्हणजे मागाहून कोणाला काही घालता येत नाही. बापूंनी वाईट हेतूनं केलं नसेल. हात तसाच वळला असेल. मी पान उलटून बघितलं. मागंही होती.

"काही राहिलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

मला आत बोलावलं. सासूबाई दुर्वाला घेऊन उठल्या, तशी मुलगी म्हणाली, "माताजी यहीं बैठेंगी." त्या बसल्या.

सत्यवती मॅडम पन्नाशीच्या होत्या, केस मागं बांधलेले, टेबलावर पाण्याचा जग. त्यांनी कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

"बहुत सुंदर लिखावट है. आपकी?"

"ससुरजी की."

"और ये लाइन?"

"ताकि बाद में कोई कुछ जोड़ न दे."

त्यांनी मान वर केली. मग त्यांनी कागद माझ्या बाजूला फिरवला आणि स्वतःचं पेन त्यावर ठेवलं.

"आपको कुछ जोड़ना था?"

मी पेन उचललं. ओळ मला पाठ होती. दुर्वाला आंघोळ घालताना. तिथं मी थांबले. दोन दिवस मी तिला आंघोळ घातली नव्हती. टब खुंटीवर होता. ओळीचा पहिला भागच आता खरा राहिला नव्हता, आणि त्याच्याशिवाय दुसरा भाग कुठे ठेवायचा ते मला समजेना. मी बापूंनी आखलेल्या समासाच्या बाहेर, उभ्या पट्टीत, बारीक अक्षरात लिहिलं, 'बच्ची को अब सासूजी नहलाती हैं.' बापूंच्या अक्षराशेजारी ते शाळेतल्या मुलीनं लिहिल्यासारखं दिसत होतं.

मी कागद पुढे सरकवला. मला एवढंच वाटत होतं की त्यांनी विचारावं, अब म्हणजे कधीपासून. विचारावं, का. एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा निवळला.

"ये तो बहुत अच्छी बात है," त्या म्हणाल्या. "हर घर में इतना सहारा कहाँ मिलता है."

त्यांनी खणातून एक छापील फॉर्म काढला, नावाच्या, वयाच्या रकान्यांवरून बोट खाली नेलं, आणि 'परिवार का सहयोग' अशा रकान्यापाशी येऊन पेनसाठी हात पुढे केला.

"यहाँ हाँ लिख दूँ न?"

"जी," मी म्हणाले, आणि पेन त्यांना परत दिलं.